‘छाप’ ते ‘चॉप’ : कँटनच्या पिजिनमधून इंग्रजीत गेलेले शब्द

हाँगकाँगच्या कचेरीत कोणी ‘चॉप’ मागितला तर त्याच्यापुढे शिक्का ठेवला जातो, आणि तिथल्या वाहनतळावर पैसे भरण्याच्या खिडकीवर ‘श्रॉफ’ अशी पाटी असते. श्रॉफ म्हणजे आपला सराफ, हे मराठी वाचकाच्या लगेच लक्षात येईल. चॉप म्हणजे आपला ‘छाप’, हे मात्र सांगावे लागते, कारण तो शब्द कँटन बंदरात, म्हणजे आजच्या ग्वांगझौमध्ये, एका कामचलाऊ बोलीत मुरून मग इंग्रजीत गेला.

ही बोली तिथेच का फोफावली, याचे उत्तर चिनी दरबाराच्या धोरणात सापडते. १७५७ मध्ये छ्यानलुंग बादशहाने युरोपीय जहाजांचा व्यापार एकट्या कँटनपुरता मर्यादित केला. परदेशी व्यापाऱ्यांनी हंगामापुरते नदीकाठच्या वखारींत राहावे आणि परवानाधारक ‘हाँग’ व्यापाऱ्यांशीच देवघेव करावी, असा दंडक होता. ईस्ट इंडिया कंपनीचा चिनी जाणणारा दुभाषा जेम्स फ्लिंट १७५९ मध्ये कँटनच्या अधिकाऱ्यांविरुद्धची तक्रार घेऊन उत्तरेकडे गेला, तेव्हा त्याला तीन वर्षांची कैद झाली आणि अर्ज लिहून देणाऱ्या चिनी माणसाचे डोके उडवले गेले. परक्याला चिनी शिकवण्याची हौस यानंतर कोणाला राहणार? तेव्हा चिन्यांनीच व्यवहारापुरते इंग्रजी शब्द उचलले आणि ते आपल्या उच्चारांत व आपल्या वाक्यरचनेत बसवले. इंग्रजीतील ‘बिझनेस’ त्यांच्या तोंडी ‘पिजिन’ झाला, त्यावरून बोलीला नाव मिळाले, आणि पुढे भाषाशास्त्राने जगभरच्या अशा सर्व बोलींना तेच नाव दिले. अशी बोली मुलांची मातृभाषा झाली की तिला क्रिओल म्हणतात. कँटनची पिजिन त्या टप्प्यापर्यंत कधी पोहोचली नाही.

ती शिकण्याची साधने मोठी मजेदार होती. १८२५ पासून कँटन पाहिलेल्या विल्यम हंटर या अमेरिकी व्यापाऱ्याने आपल्या आठवणींत तिथे एक-दोन पेनीला मिळणाऱ्या एका पुस्तिकेचे वर्णन केले आहे. मुखपृष्ठावर तीन कोनी टोपी आणि गुडघ्यापर्यंतची विजार घातलेला, हातात छडी धरलेला परदेशी माणूस होता. आत ‘माणूस’ या अर्थाचे चिनी अक्षर दिलेले असे आणि त्याचा इंग्रजी प्रतिशब्द म्हणून ‘मॅन’ असा उच्चार होणारे दुसरे चिनी अक्षर. आपल्याकडील ‘इंग्रजी बोलायला शिका’ छापाच्या पुस्तकांत देवनागरीत उच्चार देतात, तोच हा प्रकार. दुकानदार आणि वखारींतील नोकर अशा पुस्तिकांवरून शब्द पाठ करीत.

या बोलीला केवळ मोडके इंग्रजी म्हणणे अन्यायाचे आहे, कारण तिच्यात इंग्रजांच्या आधीचेही थर आहेत. पोर्तुगीज १५५७ मध्ये कँटनजवळच्या मकाव बंदरात स्थिरावले होते. त्यांच्या भाषेतील देव या अर्थाच्या शब्दाचा ‘जॉस’ झाला, आणि इंग्रजीत आजही चिनी उदबत्तीला ‘जॉस स्टिक’ म्हणतात. चिनी अधिकाऱ्यासाठी रूढ झालेला ‘मॅन्डरिन’ हा शब्दही चिनी नाही. तो संस्कृत ‘मंत्रिन्’पासून मलायमार्गे पोर्तुगिजांकडे आला.

छापाची कथा याच जातीची आहे. भारतातील बंदरांत शिक्क्याला ‘छाप’ म्हणतात हे व्यापाऱ्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी तोच शब्द कँटनमधील जकातीच्या शिक्क्यालाही लावला. सर्व देणी चुकती झाल्यावर जो परवाना मिळे तो ‘ग्रँड चॉप’. त्याच्यावाचून जहाजाला बंदर सोडता येत नसे. एकाच खुणेच्या चहाच्या पेट्यांचा गट म्हणजेही एक चॉप, आणि त्यातूनच ‘फर्स्ट चॉप’ म्हणजे अव्वल दर्जाचा माल हा प्रयोग निघाला, जो एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत चहाखेरीज इतर कशालाही लागू लागला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एखादी गोष्ट फारशी बरी नसली तर आजही ‘नॉट मच चॉप’ म्हणतात. सुरत-मुंबईच्या बाजूचे लोक या व्यापारात प्रत्यक्षही होते. जमशेटजी जीजीभॉय यांनी १७९९ पासून चीनच्या अनेक खेपा केल्या आणि कापूस व अफू यांवर संपत्ती उभी केली.

‘चॉप-चॉप’मधील चॉप मात्र वेगळा. तो ‘लवकर’ या अर्थाच्या कँटनी शब्दापासून आला, आणि जेवणाच्या काड्यांना ‘चॉपस्टिक’ हे नावही त्यावरूनच पडले असे मानतात. इंग्रज खलाशी त्यांना असे म्हणतात, ही विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्दीची नोंद १६९९ ची, म्हणजे कँटनची बंधने येण्याच्या बरीच आधीची आहे.

ब्रिटन आणि चीन यांच्यातील १८४२ च्या नानकिंग तहाने परदेशी व्यापाराला पाच बंदरे खुली झाली आणि ही बोली शांघायपर्यंत पसरली. ‘नो कॅन डू’ आणि ‘लुक-सी’ हे प्रयोग तिच्याच वळणाचे आहेत. विसाव्या शतकात शाळांतून नीट इंग्रजी शिकलेल्या चिन्यांना ही बोली अपमानास्पद वाटू लागली, तिच्यातून परदेशी मालक आणि चिनी नोकर हेच नाते ऐकू येई, आणि त्यांनी ती टाकून दिली.