बुलेटवाल्यांनो, हे वाचा आणि मग गाडी आणा (इंजिन ऑइल आणि मिलिटरी डिस्पोजलबद्दल)

गॅरेजवर दिवसभर दोनच प्रश्न येतात, "चांगलं ऑइल कुठलं टाकू?" आणि "डिस्पोजलची (लष्कराने वापरून लिलावात काढलेली) बुलेट आहे का हो एखादी बघण्यात?" तेच तेच सांगून आमच्या पोरांचा घसा बसायला लागला म्हणून हा कागद छापलाय. ज्यांची जुनी कास्ट आयर्न (बिडाच्या इंजिनाची) बुलेट आहे त्यांनी पूर्ण वाचा, यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेलं नंतरचं इंजिन) किंवा नवीन 350 वाल्यांनी मधला भाग वाचला तरी चालेल.

आधी ती एक चूक, जिच्यापायी तुमचाही रविवार जातो आणि आमचाही. गाडी आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते, रविवारी सकाळी सिंहगडला निघायचं म्हणून तुम्ही डिपस्टिक काढून बघता, काडीला तेल जेमतेम लागलेलं दिसतं, मग घाबरून अर्धा लिटर ओतता, किक मारता, आणि खडकवासल्यापर्यंत मागून निळा धूर, ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) पाईपमधून तेलाची पिचकारी, मागच्याची पँट खराब. सोमवारी फोन, "इंजिन गेलं वाटतं."

इंजिन गेलेलं नसतं. कास्ट आयर्न बुलेटमध्ये तेलाची टाकी क्रँककेसमध्येच (इंजिनाच्या खालच्या भागात) वेगळा कप्पा करून दिलेली आहे, आणि क्रँक फिरतो तो खालचा समप, म्हणजे तेल जमण्याचा कप्पा, वेगळा. पंप टाकीतलं तेल वर पाठवतो आणि समपमध्ये जमलेलं परत टाकीत आणून सोडतो. आता पंपाच्या डिस्क तीस-चाळीस वर्षांत झिजल्या की गाडी नुसती उभी असताना तेल हळूहळू पंपातून झिरपून समपमध्ये उतरतं. म्हणजे तेल कमी झालेलं नाही, जागा बदललीये. तुम्ही वरून आणखी ओतलं की ते जास्तीचं होतं, आणि जास्तीचं तेल बाहेरची वाट शोधणारच.

म्हणून लेव्हल कधी बघायची, तर गाडी स्टार्ट करून पाच-दहा मिनिटं चालू द्या, बंद करा, मेन स्टँडवर सरळ उभी करा, एक-दोन मिनिटं थांबा आणि मग काडी बघा. तेव्हाही कमी दिसलं तर थोडं थोडं टाका. थंड इंजिनवर काडी बघून तेल टाकायचं नाही, टाकायचं नाही, टाकायचं नाही. एका गिऱ्हाइकाचा असाच धूर बघून दुसरीकडे कुठेतरी हेड उघडून बोअर-पिस्टनचं एस्टिमेट हातात दिलं होतं, आमच्याकडे जास्तीचं तेल काढलं आणि गाडी घरी गेली. तेल रात्रीतच खाली उतरत असेल तर मात्र पंप बघायला लागतो, डिस्क लॅप करून (घासून सपाट करून) बसवाव्या लागतात, ते काम आम्ही करतो आणि ते घाईत होत नाही.

आता ऑइल कुठलं. "सगळ्यात भारी द्या" हे उत्तर नाही, तुमच्या इंजिनाला काय लागतं ते बघायचं. कास्ट आयर्नला आम्ही 20डब्ल्यू-50 साधं मिनरल (सिंथेटिक नसलेलं) टाकतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला आणि नंतरचा गरम इंजिनातला जाडपणा. पुण्यात डिसेंबरात कितीही कुडकुडलात तरी बर्फ पडत नाही, त्यामुळे 5डब्ल्यू, 0डब्ल्यूचे जादा पैसे इथे कशाला? उलट जुन्या ढिल्या क्लिअरन्सच्या इंजिनात पातळ तेल टाकलं की टॅपेट खडखडतात आणि प्रत्येक जॉइंटमधून पाझर सुरू. यूसीई आणि नंतरच्या 350 ला कंपनीनेच 15डब्ल्यू-50 सांगितलंय, तेच टाका, तिथे आमचंही काही वेगळं मत नाही. त्या गाड्यांत लेव्हलची काच असते, पण साइड स्टँडवर बघितली तर ती काहीही दाखवते.

डब्यावर अजून एक गोष्ट बघायची, जासो (तेलाचं जपानी मानक) एमए किंवा एमए2. यूसीईमध्ये क्लच इंजिनच्याच तेलात भिजलेला असतो. कारच्या पातळ तेलांमध्ये, त्या 5डब्ल्यू-30 वगैरे, घर्षण कमी करायची औषधं घातलेली असतात, ती कारला चांगली पण बाईकचा क्लच त्याने घसरतो, ताम्हिणीच्या चढाला इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. जासो एमबी लिहिलेलं तेल ॲक्टिव्हासारख्या ऑटोमॅटिक स्कूटरचं, घरात उरलंय म्हणून बाईकमध्ये टाकू नका. कास्ट आयर्नमध्ये क्लच वेगळ्या प्रायमरी केसमध्ये असतो, त्याचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, आणि नवीन लोक ते दोन्ही विसरतात.

काहीजण घरून ऑइल घेऊन येतात. सीलबंद डबा असेल तर टाकून देतो, मजुरी तीच. सुटं तेल किंवा उघडा डबा आम्ही टाकत नाही, राग मानू नका. नावाजलेल्या कंपन्यांचे रिकामे डबे भंगारवाले चढ्या भावाने का घेतात याचा विचार करा, म्हणूनच आम्ही तुमच्यासमोर सील तोडतो आणि रिकाम्या डब्याला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून मगच बाजूला टाकतो. "बाहेर दहा मिनिटांत ऑइल चेंज होतं, तुम्हाला पाऊण तास का?" तर कास्ट आयर्नला खाली ड्रेनचे बोल्ट दोन आहेत, टाकीचा एक आणि समपचा एक. एकच उघडला की जुनं तेल आतच राहतं आणि नवीन तेल पहिल्या दिवशीच काळं. आम्ही इंजिन गरम करून दोन्ही उघडतो, टायमिंग साइडचा फिल्टर बदलतो, वेळ लागतो.

आणि एवढा जीव का काढायचा? कारण तेल उद्याही मिळेल, आतला माल मिळणार नाही. लष्कराने 1950 च्या दशकात गस्तीसाठी बुलेट घेतल्या, 1955 ला मद्रासमध्ये त्यांची जुळणी सुरू झाली, आणि पुढे लष्करात वापरून झालेल्या गाड्या आणि पार्ट लिलावात निघायचे. खाकी मेणकागदात ग्रीस थापून बांधलेला पार्ट, वर नंबरची चिठ्ठी, असा माल खडकीत, जुन्या बाजारात हाताला लागायचा. कास्ट आयर्न इंजिन बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. लिलाव होतात, पण ऑनलाइन, लॉटमध्ये, एक गाडी सुटी मागून मिळत नाही, आणि नाना पेठेत "ओरिजिनल डिस्पोजल" म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं नवीन घडवलेलं असतं. हातात घेऊन धार आणि वजन बघा, कळतं.

आमच्याकडे येणारे एक रिटायर्ड सुभेदार काका सांगत होते, अमेरिकेत जुन्या युद्धातल्या सरप्लस रायफलींचं हेच झालं. मोसिन-नागांत ही रशियन रायफल एके काळी पेट्यांनी स्वस्तात विकली जायची, साठा संपला आणि भाव चढले, कारण नवीन कोणी बनवत नाही. (आपल्याकडे कोणी थ्री-नॉट-थ्री विचारू नका, ती प्रोहिबिटेड बोअर आहे, आणि बुलेटच्या पेट्रोल टाकीवर कंपनीचं तोफेचं चिन्ह असलं तरी आम्ही फक्त गाड्याच बघतो.)

डिस्पोजलची गाडी कोणी दाखवली तर घ्यायच्या आधी इंजिन नंबर, चासी नंबर, लिलावाचे कागद आणि आरटीओ पासिंग बघा. ऑलिव्ह ग्रीन रंग बघून भुलू नका, तो रंग खासगी गाडीला मारणं मुळात कायद्यानेच बंद आहे, रंगवून आणा म्हणाल तर आम्ही नाही म्हणणार. गाडी बघायला आम्ही येतो, त्याचे पैसे घेतो, पुढे रिस्टोअरचं काम आमच्याकडे दिलंत तर बिलात वजा करतो.

उतरवलेले जुने पंप, डिस्क, कॅम फेकू नका, आम्ही तपासून योग्य भावाने घेतो. ऑइल चेंजला शक्यतो मंगळवार ते शुक्रवार या, शनिवार-रविवार नंबर लागतो. आणि निघायच्या आधी तेल ओतलं असेल तर किती आणि कुठलं ते आल्या आल्या सांगा, आम्ही ओरडणार नाही.