मॅन्स

मॅन्स : स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन पाळकाला चर्चतर्फे राहण्यासाठी मिळणारे घर. मेथडिस्ट व बॅप्टिस्ट मंडळ्यांतही हा शब्द चालतो. अँग्लिकन पाळकाच्या घराला व्हिकरेज किंवा रेक्टरी म्हणतात.

व्युत्पत्ती : मूळ धातू लॅटिन ‘मानेरे’ (राहणे, थांबणे). फ्रेंच ‘मेझाँ’ आणि इंग्रजी ‘मॅन्शन’ ही त्याचीच भावंडे. फार्सी ‘मांदन’ (उरणे) याच कुळातला असून आपल्या परिचयाच्या ‘पसमांदा’ (मागे राहिलेले) या शब्दातला ‘मांदा’ त्याचाच. संस्कृत ‘मन्’शी (विचार करणे) नाते जोडण्याचा मोह होतो, पण ते बहुधा निव्वळ उच्चारसाम्य असावे.

प्रश्न उरतो ‘मानेरे’ आणि ‘मॅन्स’ यांमधल्या दुव्याचा. त्यासाठी दोन लॅटिन शब्द समोर येतात. ‘मान्सिओ’ म्हणजे मुक्कामाची जागा. ‘मान्सुस’ म्हणजे एका कुटुंबाचे पोट भरेल एवढी जमीन, घरासकट. फ्रँक सम्राट धर्मनिष्ठ लुई याच्या ८१८-१९ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात प्रत्येक चर्चला एक पूर्ण मान्सुस, इतर सेवाचाकरीतून मुक्त, द्यावा असे म्हटले आहे. आपल्याकडील देवस्थान इनामाची आठवण व्हावी अशीच ही तरतूद. पाळकाचे घर जमिनीबरोबर आले, हे ध्यानात घेता ‘मान्सुस’ हाच दुवा अधिक ग्राह्य वाटतो. इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकाच्या अखेरीस आढळतो, तो आधी जमीनदाराच्या वाड्यासाठी. पाळकाचे घर हा अर्थ साधारण १५३० नंतरचा.

स्कॉटलंडमध्ये जमिनीचा हा धागा पुढेही तुटला नाही. १६६३ च्या कायद्याने मॅन्स बांधून देण्याचा भार पाळकाच्या हद्दीतील (पॅरिशमधील) जमीनमालकांवर टाकला. शिवाय पाळकाला चर्चच्या शेताव्यतिरिक्त एक घोडा व दोन गाईंपुरते गवतही द्यायचे होते. ही जबाबदारी १९२५ च्या कायद्याने संपुष्टात आणली.

स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चमध्ये १८४३ साली पडलेल्या फुटीत साडेचारशेहून अधिक पाळक त्यातून वेगळ्या झालेल्या फ्री चर्चमध्ये गेले. पगाराबरोबर राहते घरही त्यांनी सोडले, आणि मुलाबाळांसह बाहेर पडलेल्या या कुटुंबांनी तत्त्वासाठी केवढी किंमत मोजली हे त्यावरून कळते. त्यांच्या घरांसाठी फ्री चर्चचे पाळक टॉमस गथ्री यांनी गावोगाव फिरून वर्षभरात सुमारे १,१६,००० पौंड जमवले. मुंबईत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनीही फ्री चर्चची बाजू घेतली आणि तेथील शाळेच्या इमारतीवर पाणी सोडले.

मराठी ख्रिस्ती समाजात ‘पाळक’ हा शब्द रुळला. ‘मॅन्स’ मात्र रुळला नाही.