आणेवारीपासून नमुना निवडीपर्यंत

अर्थशास्त्राला आलेली आमची कोकणातली मुलं सरासरी, मध्यगा, प्रमाण विचलन यांची गणितं घोटून पक्की करतात आणि नमुना निवड, म्हणजे थोडे भाग तपासून सगळ्याचा अंदाज बांधणं, मात्र चार गुणांची टीप म्हणून सोडून देतात. याची मला मनापासून खंत वाटते, कारण संख्याशास्त्राचा हाच भाग त्यांच्या सर्वांत जवळचा. आपल्या देशात तो बराचसा भाताच्या शेतात घडला.

‘यंदा बारा आणे पीक’ असं जुनी माणसं अजून म्हणतात. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक. त्या मानाने यंदाचं किती, हे बांधावर उभं राहून नजरेने ठरवायचं, ती आणेवारी. शेतसाऱ्यातली सूट नि तहकुबी तिच्यावर ठरायची, त्यामुळे शेतकरी कमी सांगणार आणि सरकार जास्त धरणार, हे ओघानेच आलं. शिवाय नजर किती चुकली, हे मोजायची सोय नव्हती.

१९२३ ते १९२५ दरम्यान बिहार-ओरिसात जॉन हबॅक या सनदी अधिकाऱ्याने चिठ्ठी टाकावी तशा जागा निवडून तेवढंच भात कापलं आणि तोललं. त्याचा अहवाल १९२७चा. त्याच वर्षी इंग्लिश संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांचा ४१,६०० यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या, अंकांचा तक्ता छापला गेला. पुढे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली, बंगालातल्या तागाची पाहणी केली. १९५० पासून राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि हीच रीत घराघरांतल्या खर्चाला लागू झाली. अर्थशास्त्रज्ञ दांडेकर-रथ यांचा १९७१चा गरिबीवरचा अभ्यास त्याच आकड्यांवर उभा आहे.

पण मुलांनी पाहावा तो संख्याशास्त्रज्ञ सुखात्मे यांचा मुद्दा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, १९३६ मध्ये लंडनहून पीएचडी झालेले. महालनोबिस लहान वर्तुळात कापणी करायचे. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये दाखवलं की लहान तुकड्यात उत्पन्न फुगून येतं. गणित करून बघा. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस मीटरमागे दोन मीटर कड येते. १० बाय ५ मीटरच्या आयतात फक्त साठ सेंटिमीटर. कडेवरचा चूड, म्हणजे भाताच्या रोपांचा झुबका, आत की बाहेर, या शंकेत कापणाऱ्याचा हात तो आतच ओढतो. त्यात लबाडी नसते, पण आकडा वाढतो.

आता हे आपल्याकडे आणा. एकाच गावात पाणी धरणारी खाचरं, डोंगरउतारावरची हलकी वरकस जमीन आणि खाडीकाठची खार जमीन. सगळी एकत्र करून चिठ्ठी टाकली तर खार सुटूनही जाईल. म्हणून आधी गट पाडायचे, मग प्रत्येक गटातून शेत निवडायचं. पुस्तकातला ‘स्तरित नमुना’ तो हाच. निवडलेल्या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून तक्त्यातल्या आकड्याइतकी पावलं लांबीला, त्याच रीतीने रुंदीला टाकायची आणि तिथे कापणीच्या आयताची खुंटी ठोकायची, मग समोर लोंब्या भरलेल्या असोत की दाणा न भरलेल्या पळंज.