की-वर्ड की विषयशीर्षक? सिकल सेलचे संदर्भ शोधताना

नागपुरातली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, मेडिकल असो की मेयो, सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर थेसिस करणारं तिथे कुणी ना कुणी असतंच. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत हे दोन शब्द टाकले की लेखांचा ढीग समोर येतो आणि त्यातले विदर्भातले कोणते, हे काही केल्या कळत नाही. इथे की-वर्ड आणि विषयशीर्षक यांतला फरक कामी येतो.

की-वर्ड म्हणजे लेखात प्रत्यक्ष आलेला शब्द. एकाने 'सिकल सेल डिसीज' लिहिलं आणि दुसऱ्याने नुसतं 'हिमोग्लोबिन एस' (या आजारातलं सदोष हिमोग्लोबिन), तर दुसऱ्याचा लेख हातचा जातो.

विषयशीर्षक मात्र लेखक ठरवत नाही. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची 'मेश' ही शब्दसूची १९६० पासून चालू आहे. लेखाचा विषय पाहून तिच्यातलं ठरावीक शीर्षक लावलं जातं. आपल्या आजाराचं शीर्षक 'अ‍ॅनिमिया, सिकल सेल'. ते घेतलं की त्याच्या पोटातलं 'सिकल सेल ट्रेट'ही (आजाराचा नुसता वाहक असणं) आपोआप येतं.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. साधा शब्द टाकला तर पबमेड स्वतःच तो मेशशी जुळवून पाहतं. अवतरणचिन्हं दिली किंवा शब्दाच्या शेवटी तारांकन (*) लावलं, की ही जुळवणी बंद! नेमकेपणाच्या हौसेपायी कितीतरी चांगले लेख असे निसटतात.

मग फक्त मेशच वापरावं का? मुळीच नाही. कित्येक भारतीय नियतकालिकांचे लेख पबमेडमध्ये पीएमसी (पबमेड सेंट्रल, पूर्ण लेखांचा मोफत संग्रह) मार्फत येतात, त्यांना मेश शीर्षकं नसतात. शिवाय मेशमध्ये 'इंडिया' आहे, 'विदर्भ' नाही. म्हणून आजारासाठी मेश आणि की-वर्ड दोन्ही घ्या, मध्ये 'ऑर' ठेवा. जागेसाठी विदर्भ, नागपूर, गडचिरोली, चंद्रपूर हे की-वर्डही 'ऑर'ने जोडा. मग दोन्ही गट कंसात टाकून मध्ये 'अँड' द्या. जागेची नावं मात्र शीर्षक आणि सारांशापुरतीच शोधा. नाहीतर लेखकाचा पत्ता नागपूरचा आहे एवढ्यावरून परगावच्या रुग्णांवरचे लेखही येतील.

शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या प्रबंधांना मेश नाही. तिथे की-वर्डच चालतो, तेव्हा 'अ‍ॅनिमिया'चं ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही स्पेलिंग टाकून पाहा.