दुसऱ्याचं दुखणं कुठवर आपलं?

जवळच्या माणसाला लागलं की आपल्याही पोटात कालवतं. त्या क्षणी मेंदूत काय घडतं, हे मेंदूशास्त्रज्ञ टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये तपासलं. २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या त्या प्रयोगात १६ जोडपी होती. पत्नी किंवा मैत्रीण एमआरआय यंत्रात, जोडीदार शेजारी बसलेला. दोघांच्याही हाताला विजेचे छोटे झटके द्यायचे. आता पाळी कोणाची, ते पडद्यावरच्या खुणेवरून कळायचं.

झटका कोणालाही बसो, तिच्या मेंदूतले काही भाग दोन्ही वेळा सक्रिय झाले. त्यांत इन्सुलाचा पुढचा भाग होता. वेदना किती नकोशी वाटते, याच्याशी त्याचा संबंध आहे. शरीरावर वेदना कुठे आणि किती, याची नोंद घेणारे भाग मात्र तिला स्वतःला झटका बसला तरच कामाला लागले. त्याच्या वेदनेतलं नकोसेपण तिच्यापर्यंत पोचलं, झटका पोचला नाही. मला या प्रयोगात हेच सर्वांत मोलाचं वाटतं. 'मी' आणि 'तो' यांतली सीमा प्रेमाच्या माणसाबाबतही मेंदू पुसून टाकत नाही.

काही मोजक्या लोकांत ही सीमा पातळ असते. समोरच्याच्या गालाला कोणी हात लावला, तर त्यांना स्वतःच्या गालावर स्पर्श जाणवतो. याला मिरर-टच सिनेस्थेशिया म्हणतात.

'त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ' असं आपल्याला लहानपणापासून सांगतात. मानसशास्त्रज्ञ डॅनिअल बॅटसन यांनी १९९७ मध्ये याची दोन रूपं वेगळी करून पाहिली. 'त्याला काय वाटत असेल' अशी कल्पना करणाऱ्यांच्या मनात कळवळा दाटला. 'त्याच्या जागी मी असतो तर' अशी कल्पना करणाऱ्यांतही तो आला, पण सोबत स्वतःची घालमेलही वाढली. घालमेल वाढली की माणूस आधी स्वतःची सुटका शोधतो. घरी आजारी माणसाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्यांनी हा फरक जरूर जाणून घ्यावा. थकून दूर व्हावंसं वाटलं म्हणून त्यांचं प्रेम आटलं, असा अर्थ कोणी काढू नये.

सिंगर यांच्या गटाने पुढे प्रशिक्षणाचा प्रयोगही केला. इतरांच्या दुःखाशी समरस व्हायला शिकवल्यावर, दुःखाची दृश्यं पाहताना स्त्रियांना जास्त त्रास झाला. त्याच स्त्रियांना नंतर करुणेचा, म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं अशा भावनेचा, सराव दिला. तेव्हा वाढलेला त्रास ओसरला आणि मायेची, आपुलकीची भावना वाढली. दृश्यं तशीच दुःखाची होती.