किरणं मोजायची नोकरी

फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालं की कोकणात पुढचे पर्याय ठरलेले: बी.एड., बँकेच्या परीक्षा, नाहीतर मुंबईची गाडी. किरणोत्सर्ग सुरक्षेचं काम त्या यादीत सहसा नसतं. वास्तविक ते इथेच, किनाऱ्याला धरून पसरलेलं आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. वाशीच्या विकिरण केंद्रात अमेरिकेला जाणारा हापूस गॅमा किरणांपुढून जातो. (असा आंबा स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, बिनधास्त खावा.) आणि बंदर, वीजकेंद्र, गॅसची पाइपलाइन, काहीही उभं राहत असलं की वेल्डिंगचे सांधे तपासायला रेडिओग्राफीवाले, म्हणजे किरणांनी सांध्याच्या आतला फोटो काढणारे, येतातच.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते या रेडिओग्राफीवाल्यांकडे पाहिलं की चांगलं कळतं. साइट रिकामी झाली की, बहुधा रात्री, ते कामाला लागतात. पाइपच्या सांध्यावर फिल्म बांधतात. ‘कॅमेरा’ म्हणतात ती असते किरणं अडवणाऱ्या डिप्लिटेड युरेनियम या धातूचं कवच असलेली जड पेटी. आत इरिडियम-१९२ या किरणोत्सर्गी धातूचा इवलासा तुकडा, म्हणजे सोर्स. लांब उभं राहून क्रँक फिरवला की सोर्स केबलच्या टोकाला पेटीबाहेर सरकतो आणि गाईड ट्यूबमधून सांध्यापर्यंत जातो. क्युरी हे सोर्सच्या ताकदीचं माप, आणि मिलिसिव्हर्ट हे अंगाला लागणाऱ्या किरणांचं, म्हणजे मात्रेचं. २० क्युरीचा सोर्स उघडा असेल, तर एक मीटरवर तासाला साधारण १०० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. अंतर दहापट केलं की मात्रा शंभरपट घटते. म्हणजे दहा मीटरवर तासाला एक मिलिसिव्हर्ट, शंभर मीटरवर त्याचाही शंभरावा भाग. सामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा एक मिलिसिव्हर्ट आहे, हे लक्षात घेतलं की माणसांना अडवणारी दोरी एवढ्या लांब का बांधतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किरणं पाडणं, संपलं, क्रँक उलटा फिरवला, सोर्स आत गेला. गेला? हे सांगणार किरणं मोजणारा मीटर. सर्व्हे मीटर हातात धरून, आकडा बघत बघत कॅमेऱ्यापर्यंत जायचं, गाईड ट्यूबवरून टोकापर्यंत फिरवायचा, मगच फिल्मला हात लावायचा. ‘गेलाच असेल’ म्हणून मीटरशिवाय पुढे गेल्यामुळे जगभर अपघात झालेत, माणसांची बोटं गेलीत. किनाऱ्यावर तर जास्तच जपावं लागतं. बारीक रेती ट्यूबमध्ये शिरली की सोर्स अडकू शकतो, खाऱ्या हवेनं जोड गंजतात. दर खेपेला जोड पुसून तपासणं कंटाळवाणं असतं, आणि नोकरीचा बराचसा भाग हाच कंटाळा आहे.

छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला किती किरणं लागली ते नोंदवणारा बिल्ला, असतो. तो किरणं अडवत नाही. नव्या मुलांचा हा गैरसमज पहिल्याच दिवशी काढावा लागतो. आत डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणांची थोडी ऊर्जा त्यांच्यात अडकून राहते. प्रयोगशाळेत चकती तापवली की ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते, आणि प्रकाश किती त्यावरून मात्रा ठरते. रेडिएशन कामगाराला पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० याच्यावर जाता येत नाही. मात्रेची नोंद माणसाच्या नावावर राहते, कंपनी बदलली तरी पुसली जात नाही.

अणुभट्टीत आणखी एक गोष्ट शिकावी लागते. उन्हात उभं राहणं वेगळं आणि अंगाला हळद लागणं वेगळं. सोर्स बंद पेटीत गेला की किरणं थांबतात. पण किरणोत्सर्गी धूळ कपड्यांना लागली तर ती तुमच्याबरोबर घरापर्यंत येऊ शकते. म्हणून बाहेर पडताना हात-पाय मॉनिटरवर ठेवायचे आणि तो वाजला तर न लाजता परत धुवायला जायचं. भट्टीच्या कुंपणाबाहेरही मोजमाप चालूच असतं: परिसरातलं पाणी, माती, दूध, मासळी यांचे नमुने पर्यावरण प्रयोगशाळेत तपासले जातात.

शिरायचं कसं? फिजिक्सचे पदवीधर आणि इंजिनिअरिंग डिप्लोमावाले यांच्यासाठी अणुऊर्जा महामंडळ आणि भाभा अणुसंशोधन केंद्र स्टायपेंडरी ट्रेनीच्या जागा काढतात. प्रशिक्षणात विद्यावेतन मिळतं. बारावी सायन्स किंवा आयटीआय झालेल्यांसाठी वेगळा गट असतो. खासगी रेडिओग्राफीत जायचं तर आधी मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि परीक्षा. वय अठराच्या वर हवं, ही कायद्याचीच अट. पुढे सुरक्षा अधिकारी व्हायचं असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी लागते.

परीक्षेत न विचारला जाणारा गुण म्हणजे थांबवण्याची हिंमत. रात्री दोनला ठेकेदार म्हणतो, ‘अहो साहेब, दोनच सांधे राहिलेत, आटपा ना.’ मीटरची बॅटरी उतरलेली असते. अशा वेळी काम थांबवून ‘नाही’ म्हणता येणार नसेल, तर फिजिक्समधल्या ऐंशी टक्क्यांचा काही उपयोग नाही.

छोट्या ठेकेदाराकडे नोकरी धरताना पगाराआधी दोन गोष्टी विचारा: बॅज माझ्या नावाचा येणार का, आणि मीटरचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो बरोबर मोजतो का याची तपासणी, कधी झालीय? ‘बॅज येईल पुढच्या महिन्यात, तोपर्यंत कामाला लागा’ असं उत्तर आलं, तर त्या महिन्यात घरीच बसा.