असेस

असेस हे इंग्रजी क्रियापद आहे. एखाद्या गोष्टीची किंमत, प्रमाण किंवा दर्जा पारखून ठरवणे हा त्याचा अर्थ. कराच्या संदर्भात मराठीत त्याला आकारणी करणे म्हणतात, शिक्षणात मूल्यमापन करणे. शब्दाच्या मुळाशी मात्र मोजणे नाही, बसणे आहे.

लॅटिनमध्ये सेदेरे म्हणजे बसणे. त्याला जवळीक दाखवणारा आद हा उपसर्ग लागून आस्सिदेरे, म्हणजे शेजारी बसणे, हे रूप झाले. रोमन न्यायव्यवस्थेत अधिकाऱ्याच्या शेजारी बसून कायद्याचा सल्ला देणाऱ्या जाणकाराला आस्सेसोर म्हणत. सम्राट जस्टिनियनच्या इ. स. ५३३ मधील डायजेस्ट या कायदेसंग्रहात या सल्लागारांच्या कामावर स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे मध्ययुगीन लॅटिनमध्ये याच धातूपासून कर ठरवणे या अर्थाचे क्रियापद घडले आणि फ्रेंचमार्गे ते १५ व्या शतकात इंग्रजीत आले. तिथेही आधी त्याचा संबंध कर आणि दंडाच्या रकमेशीच होता. माणसाची कुवत किंवा एखादी कल्पना जोखणे हा आज सर्रास दिसणारा अर्थ बराच नंतरचा, २० व्या शतकात रुळलेला.

या शब्दाचे गणगोत मोठे आहे. सेशन म्हणजे बैठक, हे उघडच दिसते. साइज हा शब्दही त्याच घरातला, हे मात्र सहज ध्यानात येत नाही. तो असाइझ या जुन्या शब्दाचे आखूड झालेले रूप. असाइझ म्हणजे बैठक, मग बैठकीत ठरलेला नियम, त्यातही पाव आणि एल या पेयाच्या वजनमापाचा नियम. त्यावरून ठरीव माप आणि शेवटी आकार. असेट हा शब्द मात्र, दिसायला जवळचा असला तरी, वेगळ्या कुळातला आहे. तो ‘पुरेसे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला.

संस्कृतातला सद् हा धातू लॅटिन सेदेरेचा सख्खा भाऊ. सदस्य, परिषद, संसद हे शब्द त्यातूनच आले. उपनिषद या शब्दाची ‘जवळ बसणे’ ही रूढ व्युत्पत्ती घेतली, तर त्याची आणि असेसची घडण जवळजवळ सारखीच ठरते, आणि हे साम्य विलक्षण आहे.

मूळ अर्थ पुरता पुसला गेलेला नाही. इंग्लंडमध्ये जहाजांच्या टकरीसारख्या खटल्यांत नौकानयनातले जाणकार आजही असेसर म्हणून न्यायाधीशाला साहाय्य करतात.